आधी वाडीत बसा, खांब नंतर

पत्र (जागेअभावी थोडं आटोपशीर करून):

‘आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. सात वाड्या आहेत. त्यात खाडीवरची मच्छीमारांची वाडी, मोहल्ला आणि पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे डोंगरावर बौद्धवाडी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ग्रामपंचायतीत भारतनेटची (सरकारी फायबर इंटरनेटची) पेटी बसवलेली आहे, पण ती बहुतेक वेळ बंदच. मोबाइलला रेंज सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर), नाहीतर एसटीच्या थांब्यावर. गावच्या चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळाने गेल्या गणपतीत मनावर घेतलं, पैसे जमवले, एका कंपनीशी बोलणी केली. सड्यावर खांब उभारून वाड्यांना वायफाय द्यायचं ठरलं. मी गावात बैठक लावली, तर थोडी माणसं आली आणि आली ती भांडायलाच. जागेचे हिस्सेदार सही देईनात. दोन बागायतदार म्हणाले, लहरींनी मोहोर गळतो. कुठल्या वाडीला आधी, यावरून जुनी धुसफूस वर आली. बायका तर आल्याच नाहीत. मंडळाचे अध्यक्ष फोन करून विचारतात, पैसे आहेत, कंपनी आहे, मग अडतंय कुठे? लोकांना हे पटवून कसं द्यायचं? आणि नाहीच पटलं तर मंडळाचे पैसे परत करून मोकळी होऊ का?’

– एक सदस्य, राजापूर तालुका

ताई,

सरळच सांगते. तुमच्या बैठकीत लोकांनी ठरवावं असं काही शिल्लकच नव्हतं. जागा ठरलेली, कंपनी ठरलेली, पैसे मुंबईत जमलेले, कुठल्या वाडीत कधी हेही कागदावर आलेलं. गावाच्या हातात नकार तेवढा उरला होता आणि तो त्यांनी वापरला. त्यात मला आडमुठेपणा दिसत नाही. बारा महिने गावात राहणाऱ्या माणसाला आपल्या गावातलं काम मुंबईच्या फोनवरून कळलं, की तो असाच वागतो.

तेव्हा पटवायचं काम सध्या बाजूला ठेवा. आधी विचारायला जा, आणि वाडीत जा. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रत्येक बैठकीत बोलणारी चार माणसंच पुन्हा बोलतात. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, कुणाचं खळं, जिथे ती वाडी एरवी बसते तिथे बसा. सोबत कंपनीचा माणूस नको आणि माहितीपत्रकही नको. दोनच प्रश्न न्या. नेट नसल्यामुळे तुमचं कुठलं काम अडतं? आणि आलेलं नेट ऐन जुलैत बंद पडलं, तर इथलं कोण बघणार?

पहिल्या प्रश्नाला ‘मुलांचा अभ्यास’ हे उत्तर सातही वाड्यांत येईल. ते खरंच आहे. २०२० च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून तिथे दिवसदिवस अभ्यास करत होती, हे अवघ्या कोकणाने पाहिलं. पण तेवढ्यावर उठू नका, पुढे विचारत राहा. रेशन दुकानदाराला विचारा, अंगठा घ्यायच्या मशीनला रेंज नसली की तो काय करतो आणि म्हाताऱ्या माणसांना किती खेपा पडतात. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर नोंदी भरायच्या असतात, त्या ती कुठे जाऊन भरते ते विचारा. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः करायची पिकाची नोंद, २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर आली. फोटो बागेत उभं राहून काढता येतो, पण नोंद पुढे पाठवायला रेंज लागते. ती नोंद राहून गेली की आंबा-काजूवाल्याला नुकसानभरपाईच्या वेळी किती हेलपाटे पडतात, हे तुमच्याच त्या दोन बागायतदारांकडून ऐका. थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकणारा बागायतदार सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर करतो. एप्रिल-मेच्या गडबडीत ऑर्डर बघायला त्याला सडा चढावा लागत असेल, तर नेटची गरज त्याला तुमच्यापेक्षा जास्त आहे. तुम्ही त्याला अजून विरोधकांतच धरलंय.

खाडीवरच्या वाडीत मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोला. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रात मासळी कुठल्या पट्ट्यात मिळण्याचा संभव आहे ते कळवते, उंच लाटांचे इशारेही देते. ते त्यांच्यापर्यंत होडी सुटण्याआधी पोहोचतात की नंतर? ही माणसं १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. निवांत बोलायचं असेल तर तेच दिवस. मोहल्ल्यात जमातीच्या (तिथल्या सामाईक संघटनेच्या) जबाबदार माणसांकडे जा. कोकणातल्या मुस्लिम घरांतले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आखाती देशांत आहेत. घरच्यांशी रोज तोंड बघून बोलायची ओढ तिथे किती आहे, ते त्या घरांतल्या बायकांना विचारा. जमातीचा वर्गणीचा हिशेबही चोख असतो. तरी आपल्या गावांत अशा कामांना मोहल्ल्याला बोलावणं जातं ते शेवटी, सही घेण्यापुरतं. हे थांबलं पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं वेगळी आहेत आणि त्यांना बैठकीला कधी कुणी बोलावत नाही. पहिला, महावितरणचा वायरमन. कुठला ट्रान्सफॉर्मर पहिल्या पावसात उडतो, कुठल्या लाइनवर फणसाची फांदी येते, वीज गेली की कुठल्या वाडीला दोन-दोन दिवस लागतात, हे त्याला तोंडपाठ असतं. कंपनीचा इंजिनीअर नकाशा बघून उपकरण जिथे लावायला सांगेल, तिथे वीज टिकते की नाही हे त्याला काय माहीत? वायरमनला माहीत असतं. दुसरा, तालुक्याचा केबलवाला. त्याच्याकडे केबल जोडायचं यंत्र आहे, शिड्या आहेत, पोरं आहेत. तुमचं वायफाय आलं की आपला धंदा बसेल, या भीतीने तो आज गप्प आहे आणि उद्या अडवेल. दुरुस्तीचं काम त्याला द्यायचं का, हे त्याच्याशी आजच बोला. तिसरा, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. दाखले देणारा हा मुलगा भारतनेटच्या पेटीजवळ रोज बसतो. पेटी का बंद असते हे त्याला कुणी विचारलंय?

या पेटीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नवीन खांबाच्या नादात तुम्ही तिला सोडून दिलेलं दिसतंय. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. पंचायतीपर्यंत किमान १०० एमबीपीएस पोहोचवायचं हा तिचा मूळ हेतू. पंचायतीपासून वाडीपर्यंतचं अंतर मात्र गावावर सोडलेलं राहिलं, आणि कोकणात सगळा प्रश्न त्या शेवटच्या अंतराचाच आहे. देशावर गाव एका जागी दाटीने बसलेलं असतं. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत दोन-दोन, तीन-तीन महसुली गावं आणि त्यांच्या वाड्या डोंगर-पऱ्ह्यांच्या आडोशाला विखुरलेल्या. त्यात सुरुवातीची बरीचशी केबल एका ओळीत टाकलेली. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती एका ठिकाणी तोडली की पुढची सगळी गावं बंद. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात केबलची वलयाकार जोडणी धरली आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. ते काम तुमच्या गटापर्यंत कधी येईल त्याची वाट बघत बसू नका. आजची पेटी कशाने बंद आहे ते शोधा: वीजबिल थकलंय, बॅटरी मेलीय, केबल तुटलीय, की चावीच कुणाकडे तरी अडकलीय? कारण लेखी घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सहीने पंचायत समितीला कळवा आणि कुठल्या रस्त्याच्या कामात केबल तुटली तेही लिहा. चालू पेटीवरून वाड्यांपर्यंत नेट नेता आलं, तर मंडळाचा निम्मा पैसा वाचेल.

आता जागेचं. सड्यावरच्या त्या जागेचा सातबारा एकदा समोर ठेवा. मला खात्री आहे, नावांची रांग दोन पानं भरेल. काही हयात नाहीत, काही वारस अंधेरीला, काही डोंबिवलीला, आणि त्यातल्या दोघांचं आपसांत बोलणं नाही. कोकणातल्या सामाईक जमिनीवर कंपनीला करार करून द्यायचा, तर या सगळ्यांच्या सह्या लागतात. तुमच्या हिस्सेदारांचा विरोध नेटला नसेलही. आज खांबाला सही दिली तर उद्या आपल्या हिश्श्यावर कुणाचा हक्क लागेल, ही त्यांची धास्ती आहे आणि ती वाजवी आहे. शिवाय राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यादीत नसलेली चित्रंही ठिकठिकाणी आहेत. जांभ्यात पाया खणण्याआधी तो कातळ गवत-माती झाडून स्वच्छ करून बघा आणि गावातल्या गुराख्यांना विचारा. तुमच्या खांबाखाली हजारो वर्षांचं चित्र गेलं, तर गाव तुम्हाला माफ करणार नाही आणि ते योग्यच होईल.

सड्याला पर्याय तुमच्या गावातच उभा आहे. नळपाणी योजनेची टाकी बघा. पाणी आपोआप खाली उतरावं म्हणून ती वाडीच्या डोक्यावर बांधलेली असते. जागेचं बक्षीसपत्र किंवा संमतीपत्र योजनेच्या वेळीच झालेलं असतं आणि टाकी ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते. तिच्या कडेला एक मजबूत पाइप आणि छोटी अँटेना बसवायला नवी जमीन लागत नाही. पंचायतीच्या छपरावरून टाकीवर, एका टाकीवरून दुसऱ्या वाडीच्या टाकीवर, असं वायफायच्याच जातीच्या ५ गिगाहर्ट्‌झ लहरींनी नेट नेता येतं. या पट्ट्यातल्या लहरींना ठरावीक शक्तीपर्यंत २०१८ पासून परवाना लागत नाही. अट एवढीच, की दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. मधे माडांची किंवा आंब्याची राई आली की लहरी अडतात, आणि ओली पानं जास्तच अडवतात. म्हणून ही पाहणी पावसाळ्यात, झाडं भरलेली असताना करा. फेब्रुवारीत उघडी दिसलेली वाट जुलैत बंद झालेली असते. टाकीवर वीज नसेल तर सौर पॅनल आणि बॅटरी लागेल, त्याचा खर्च आधीच धरा.

हे प्रयोगापुरतं नाही. उत्तर कोकणात, पालघर जिल्ह्यात, आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरी आणि ५ गिगाहर्ट्‌झ वापरून पंचवीसेक गावं जोडून दाखवली. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्या कामाला पहिला पुरस्कारही मिळाला. मला त्यातली तांत्रिक करामत जेवढी आवडली, त्याहून जास्त त्यांची मांडणी आवडली. सरकार आणि खासगी कंपनी यांच्या जोडीला त्यांनी पंचायतीला भागीदार धरलं. तुमच्या योजनेत पंचायत कुठे आहे? तुमच्या पत्रावरून ती फक्त ना-हरकत दाखला देणारी दिसते.

मोहोराच्या भीतीबद्दल. ती हसण्यावारी नेऊ नका, आणि तुमच्या तरुण सहकाऱ्यांनाही तसं करू देऊ नका. अवकाळी पाऊस, अचानक चढलेलं तापमान, तुडतुडे, फुलकिडे, करपा यांनी बागायतदार दरवर्षी पोळतो. डोळ्यांसमोर मोहोर काळा पडतो आणि कारण विचारलं तर कुणी नीट सांगत नाही. अशा माणसाला नवा खांब दिसला, तर त्याचा संशय तिकडे जाणारच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या किंवा त्यांच्या जवळच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाला वाडीत बोलवा आणि मोहोर का गळतो या विषयावर बोलायला लावा. खांबाचा विषय बागायतदार स्वतःच काढतील, तेव्हा उत्तर त्यांच्या विश्वासातल्या माणसाकडून येईल. मोबाइल मनोऱ्यांसाठी आपल्या देशाने लहरींची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर ठेवली आहे. केंद्राच्या तरंग संचार पोर्टलवर मनोऱ्याची माहिती बघता येते आणि ठरलेली फी भरून मोजमापही करून घेता येतं. टाकीवरची छोटी अँटेना तर मनोऱ्यापेक्षा फारच कमी शक्तीची. तरीही कुणी बागायतदार ‘माझ्या बागेपासून लांब लावा’ म्हणाला, तर लावा लांब. त्याचं समाधान दोन पाइपांच्या खर्चापेक्षा मोलाचं आहे.

गावकीविषयी तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाहीत, त्याचं नवल वाटलं. कायद्याने निर्णय ग्रामसभेचा. पण मानकरी, गुरव आणि वाडीवाडीचे गावकर यांनी मान हलवल्याशिवाय आपल्याकडे चिरा हलत नाही. ग्रामसभेआधी त्यांच्याकडे जा. देवळात गाऱ्हाणं घालायची रीत असेल तर घालू द्या, त्याने कामाला गावाचं बळ येतं. मात्र गावकीचा होकार म्हणजे गावाचा होकार, असं कुणी म्हणू लागलं तर तिथे ठाम राहा. गावकीच्या बैठकीत बायका नसतात, बहुतेक ठिकाणी बौद्धवाडी नसते, मोहल्ला नसतो. गावातली निम्म्याहून जास्त माणसं त्या बैठकीच्या बाहेर आहेत, आणि सर्वांच्या पैशावर चालणारी गोष्ट अशा ठरावावर उभी राहू शकत नाही.

आणि पहिली जोडणी बौद्धवाडीला द्या. पऱ्ह्याच्या पलीकडची, सर्वांत लांबची, रस्ता आणि पाणी जिथे शेवटी पोहोचलं ती वाडी. तांत्रिक कारणही आहे. सर्वांत लांबचं टोक चालू झालं, की मधल्या वाड्यांना नेट मिळणार याबद्दल कुणाला शंका उरत नाही. उलट पंचायतीजवळच्या वाडीपासून सुरुवात केली तर पैसे आणि उत्साह दोन्ही तिसऱ्या वाडीपर्यंत संपतात, आणि लांबचे पुन्हा मागेच राहतात. ‘आधी कुणाला’ हे भांडण मिटवायचा याहून न्याय्य मार्ग मला माहीत नाही. हा निर्णय तुम्ही एकटीने जाहीर करू नका. वाडीवाडीच्या बैठकीत हे कारण मांडा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या.

बायका बैठकीला का आल्या नाहीत याचं उत्तर बहुधा वेळेत आहे. संध्याकाळी सात म्हणजे चुलीची वेळ, आणि काळोखात पायऱ्यांची पाखाडी उतरून कोण येणार? बचत गटाची बैठक ज्या दिवशी, ज्या घरी होते, त्या दिवशी तिथे तुम्ही जा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदोपत्री उरकू नका. बायकांना एक गोष्ट आवर्जून विचारा, घरातला फोन कुणाच्या हातात असतो? नवऱ्याच्या खिशात किंवा मुलाच्या हातात असेल, तर दारापर्यंत नेट येऊनही त्यांच्या उपयोगाचं नाही. त्यावर अंगणवाडीत किंवा ग्रामसंघाच्या खोलीत एक संगणक आणि बसायची जागा, हा उपाय बायका स्वतःच सुचवतील, असा माझा अंदाज आहे.

पैशाची घडी बसवताना मी बचत गटालाच पुढे करीन. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, बचत गट, कुणीही आपल्या जागेतून लोकांना वायफाय विकू शकतो. त्याला परवाना लागत नाही आणि दूरसंचार विभागाकडे नोंदणी-फीही नाही. त्याने विभागाकडे नोंदलेल्या एखाद्या एकत्रीकरण कंपनीशी जोडून घ्यायचं असतं. हा रस्ता धरा. एका घराचं कनेक्शन घेऊन शेजारच्या वीस घरांना वाटायचं आणि पैसे गोळा करायचे, हे नियमात बसत नाही, आणि एक तक्रार झाली की सगळं बंद पडेल.

हिशेब कोकणाचा धरा. समजा ६० घरांनी महिना १५० रुपये दिले तर ९,००० रुपये होतात, त्यात जोडणीचं भाडं, वीज आणि थोडी दुरुस्ती बसवायची. पण गावातली किती घरं बारा महिने उघडी असतात? बंद घरांना धरून केलेला हिशेब गणपती संपले की कोसळतो. याच्या उलट गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी आले की तेवढ्याच नेटवर चौपट माणसं बसतात, आणि बारा महिने पैसे भरणाऱ्याला त्याच दिवसांत काही मिळत नाही. म्हणून दोन दर ठेवा. कायम राहणाऱ्यांना स्वस्त मासिक दर. सुट्टीत येणाऱ्यांना दिवसाचं किंवा आठवड्याचं कूपन, थोडं महाग. त्यातून आलेले पैसे वेगळ्या खात्यात, पावसाळ्यातल्या दुरुस्तीसाठी. मंडळाचे लोक याला हरकत घेतील असं मला वाटत नाही. त्यांना आधी विचारा मात्र.

दुरुस्तीचा खर्च अंदाजाने कमी धरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. दोन्ही वेळा खांब पडले, मनोऱ्यांचं डिझेल संपलं आणि नेमकं गरजेच्या वेळी फोन मुके झाले. रोजच्या शत्रूंमध्ये खाऱ्या वाऱ्याचा गंज आहे, केबलला लोंबकळणारी वानरं आहेत आणि वळवाच्या वेळची वीज आहे. पाइप आणि नटबोल्ट जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्या. अर्थिंगवर अजिबात काटकसर नको. जांभा कोरडा पडला की विजेला जमिनीत वाट मिळत नाही, खड्डा खोल घेऊन आणि ओल टिकवून अर्थिंग करावं लागतं. वायरमनला हे कळतं, त्यालाच देखरेखीला ठेवा. प्रत्येक जातीचं एक उपकरण जास्तीचं आणून पंचायतीच्या कपाटात ठेवा. रत्नागिरीहून माणूस येईपर्यंत चार दिवस जातात.

गावातल्या दोघांना हे काम शिकवा. दोघं अशी निवडा, जी मुंबईला जाणार नाहीत. बारावी झालेला हुशार मुलगा शिकून तयार झाला की जूनमध्ये नोकरीला निघतो. गावात लग्न करून आलेली, दहावी-बारावी झालेली सून इथेच राहणार असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एक तरी अशी बाई निवडा आणि तिला मानधन द्या. फुकटची सेवा दोन महिने टिकते.

कंपनीशी पुन्हा बसाल तेव्हा सोबत बागायतदार, सोसायटीचा सेक्रेटरी, जमातीचा माणूस, बचत गटाची अध्यक्ष आणि वायरमन असू द्या. उपकरणं कुणाच्या मालकीची, कंपनी सोडून गेली तर पासवर्ड आणि नकाशे पंचायतीला मिळणार का, बंद पडल्यावर किती तासांत माणूस येणार, पावसाळ्यातही तेवढ्याच तासांत का? हे करारात मराठीत लिहून घ्या. नकार देणाऱ्या कंपनीला नमस्कार करा, दुसरी मिळेल.

दिवस कसे धरायचे तेही सांगते. वाड्यांतल्या बैठका लावणी आटोपल्यावर आणि गणपतीच्या आधी घ्या, तेव्हा गावात फक्त गावात राहणारी माणसं असतात. गणपतीत बैठक घेतलीत तर चाकरमानी बोलतील आणि इथले ऐकतील. सगळ्या वाड्या झाल्या की जे कळलं ते एका कागदावर मांडा आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवा. तोपर्यंत मंडळाला कळ काढावी लागेल. त्यांना हे फोनवर सांगू नका, पत्र लिहा, म्हणजे ते मंडळाच्या बैठकीत वाचलं जाईल.

आणि पैसे परत करू नका. अध्यक्षांना लिहा, की तुमचा निधी खांबासाठी राखलेला होता, तो आता टाक्यांवरची उपकरणं, अर्थिंग, बॅटऱ्या आणि दोघांचं पहिल्या वर्षाचं मानधन यासाठी हवा आहे. दरमहाचा खर्च गाव करेल, त्यासाठी मुंबईची वर्गणी नको. खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी पंचायतीच्या फळ्यावर आणि मंडळाच्या ग्रुपवर, दोन्हीकडे एकाच दिवशी लागेल. सड्याच्या जागेवरच खांब हवा असा त्यांचा आग्रह असेल, तर हिस्सेदारांपैकी बरेचसे मुंबईतच राहतात. त्यांच्या सह्या मंडळानेच आणाव्यात.